चिमूट आणि थेंब : ओवा, ओव्याचं तेल आणि मापाचं शहाणपण

(सुरगाणा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते पाठ्यपुस्तकातला प्रयोग मुलांच्या घरापर्यंत नेत असत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. म्हणून विषय घरातलाच घेतला आहे. मिसळणाच्या डब्यात नाहीतर फडताळातल्या बरणीत प्रत्येकाकडे ओवा असतो. अलीकडे बऱ्याच घरांत त्याच फडताळात आणखी एक वस्तू आली आहे, ती म्हणजे ओव्याच्या तेलाची छोटी बाटली. कुणी जत्रेतून आणली, कुणी औषधाच्या दुकानातून, तर कुणाला शहरातल्या नातेवाइकांनी दिली. बरणी आणि बाटली शेजारी शेजारी बसल्यामुळे आपला समज होतो की दोन्हींत एकच माल आहे, एक सुका आणि एक पातळ. हा समज काढून टाकणं एवढाच माझा आजचा हेतू आहे.

ओवा कसा वापरायचा, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांपासून माहीत आहे. ओव्याचं तेल कसं वापरायचं, हे आपल्या आज्यांना माहीत नव्हतं, कारण त्यांच्याकडे ते नव्हतंच. बियांचा अनुभव तेलाला जसाच्या तसा लावला की घात होतो. आपली परंपरा ओव्याची आहे, तेलाची नाही. एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तर बाकीचं व्याख्यान विसरलात तरी चालेल.

आधी परंपरा पाहू. ओवा आपल्या डोंगरात पिकत नाही. इथल्या उतारांवर नागली होते, वरई होते, खुरासणी होते. ओवा बाजारातून येतो, आणि देशातलं त्याचं मोठं पीक राजस्थान आणि गुजरातचं. तरीही उंबरठाणच्या बाजारात काय किंवा बोरगावच्या बाजारात काय, मिठा-मिरचीबरोबर ओव्याची पुडी घेतली जातेच. पोट दुखलं की चिमूटभर ओवा आणि मिठाचा खडा चावून वर कोमट पाणी प्यायचं. वाल, वाटाणे, भजी अशा वातूळ पदार्थांत ओवा हवाच. बाळंतिणीला जेवणानंतर ओवा आणि बाळंतशोपा. सर्दीनं छाती भरली की तव्यावर ओवा गरम करून फडक्यात पुरचुंडी बांधायची, आधी आपल्या मनगटाला लावून पाहायची आणि मग शेक द्यायचा. दाढ दुखत असली तर ओव्याच्या काढ्यानं चुळा. आणि शेगडीवर ओवा टाकून बाळ-बाळंतिणीला धुरी.

यातल्या शेवटच्या प्रथेबद्दल इथेच सांगतो. बंद खोलीतला धूर बाळाच्या फुप्फुसांना चांगला नाही, मग तो ओव्याचा असला तरी. ऊब हवी असेल तर बाळ आईच्या अंगाशी घ्यावं, डोक्याला टोपरं बांधावं. धुरी बंद केल्यानं परंपरेचं काही बिघडत नाही. बाकीच्या गोष्टींना मात्र हरकत घ्यायला मला कारण दिसत नाही. आयुर्वेदात ओवा यवानी या नावानं येतो. १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या डॉ. वामन गणेश देसाई यांच्या ‘औषधीसंग्रह’सारख्या ग्रंथानं आपल्या औषधी वनस्पतींची माहिती मराठीत आणून ठेवली. म्हणजे हे ज्ञान केवळ बायकांच्या बोलण्यातलं नाही, ते लिहिलं गेलेलं आणि तपासलं गेलेलं आहे.

आता या सगळ्या उपयोगांमधलं माप पाहा. चिमूट, पुरचुंडी, जेवणानंतर थोडासा. कुठेही वाटीभर नाही. आणि हे माप पाळायला कुणी पहारेकरी लागत नाही, कारण ते काम जीभच करते. ओव्याचे दहा-वीस दाणे चावले की तोंडाला झणका बसतो, जीभ किंचित बधिर होते, आणि माणूस आपोआप थांबतो. लहान मूल तर दोन दाण्यांतच थुंकून टाकतं. बियांची सुरक्षितता कुणा शास्त्रानं वरून लादलेली नाही, ती त्या दाण्याच्याच तिखटपणात आहे.

तो तिखटपणा येतो कुठून? ओव्याचा एक दाणा तळहातावर घ्या आणि उजेडात धरा. आपण बी म्हणतो ते खरं तर छोटंसं फळ आहे. धने, जिरे, बडीशेप, शेपू, गाजर हे सगळे याचे भाऊबंद. दाण्यावर उभ्या कडा दिसतात. त्या कडांच्या मधल्या खोबणींखाली, सालीच्या आत, तेलाच्या बारीक नळ्या असतात. दाणा अख्खा असतो तोवर वास मंद येतो. तोच तळहातावर चोळला की घमघमतो, कारण त्या नळ्या फुटतात. म्हणून आपल्याकडे ओवा हातावर चोळून फोडणीत किंवा पिठात टाकायची पद्धत आहे. वर्षभर जुना ओवा मिळमिळीत लागतो, कारण नळ्यांतलं तेल हळूहळू उडून गेलेलं असतं.

हे तेल खुरासणीच्या तेलासारखं नव्हे. खुरासणीचं किंवा मोहाच्या बियांचं तेल आपण घाण्यावर दाबून काढतो. ते खातो, अंगाला चोळतो, दिव्यात घालतो. ते मोजायला पळी लागते आणि पळीभर कमी-जास्त झालं तरी बिघडत नाही. ओव्याचं तेल दाबून निघत नाही, ते वाफेनं काढावं लागतं. फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर कोऱ्या कागदावर एका बाजूला खुरासणीच्या तेलाचा थेंब टाका आणि दुसऱ्या बाजूला ओव्याच्या तेलाचा. कागद सावलीत ठेवून द्या. खुरासणीचा तेलकट डाग दुसऱ्या दिवशीही तसाच असतो. ओव्याचा डाग हळूहळू उडून जातो. ओव्याचं म्हणून विकत घेतलेल्या तेलाचा डाग तसाच चिकट राहिला, तर त्यात खाद्यतेल मिसळलेलं आहे असं समजावं. विज्ञानाच्या तासाला मुलांकडून करून घेण्याजोगा हा प्रयोग आहे. थेंब मात्र शिक्षकांनी टाकावा.

वाफेनं तेल काढणं म्हणजे काय, हे सुरगाण्यात मी समजावून सांगायची गरज नाही. मोहाची भट्टी सगळ्यांनी पाहिलेली आहे. कुठे पाहिली हे मी विचारत नाही आणि कायद्याची बाब तूर्त बाजूला ठेवतो. खाली जाळ, वर हंडा, हंड्यातून निघालेली नळी, नळीवर गार पाणी आणि टोकाला थेंब थेंब पडणारा माल. ओव्याचंही तसंच. भरडलेल्या ओव्यातून वाफ सोडली की ती तेल आपल्याबरोबर घेऊन निघते, आणि गार झाली की भांड्यात पाणी खाली बसतं, तेल वर तरंगतं. यात एक गंमत आहे. ओव्याच्या तेलातला मुख्य पदार्थ थायमॉल. तो एकटा उकळायचा तर सुमारे २३२ अंश सेल्सिअस तापमान लागतं. पण पाण्याच्या वाफेच्या संगतीनं तो १०० अंशांच्या आतच बाहेर पडतो. पाणी आणि तेल एकमेकांत विरघळत नाहीत, त्यामुळे दोघांची वाफ आपापला दाब देते, आणि दोन्ही दाबांची बेरीज लवकर पुरी होते. म्हणून दाणा करपत नाही आणि तेल मात्र निघून येतं.

आता हिशेब करू. चांगल्या ओव्यात शेकडा दोन ते चार भाग असं तेल असतं. आपण मधला आकडा धरू, शेकडा तीन. म्हणजे १०० ग्रॅम ओव्यात ३ ग्रॅम तेल. चिमूटभर ओवा अर्धा ग्रॅम धरला, तर त्यात १५ मिलिग्रॅम तेल झालं. ड्रॉपरच्या एका थेंबात साधारण ३० ते ४५ मिलिग्रॅम तेल असतं. म्हणजे एक थेंब झाला दोन-तीन चिमटी ओवा. इथवर ठीक आहे. पण पाच मिलिलिटरचा एक चहाचा चमचा भरला, तर त्यात साडेचार ग्रॅमच्या वर तेल बसतं. ते निघायला सुमारे १५० ग्रॅम ओवा लागतो. म्हणजे तीनशे चिमटी. एका बैठकीत दीडशे ग्रॅम ओवा कुणी खाऊ शकेल का? जीभ खाऊ देणार नाही. चमचाभर तेल मात्र एका घोटात जातं, आणि लहान मुलाच्या हाती बाटली लागली तर तो घोट जायला क्षण पुरतो. पहारेकरी मागे बरणीत राहिला, पुढे आलेला माल बिनपहाऱ्याचा.

दुसऱ्या बाजूनंही हा हिशेब तपासता येतो. लिस्टरिन हे चुळा भरायचं औषध अमेरिकेत १८७९ साली निघालं. त्याच्या मूळ प्रकारात थायमॉलचं प्रमाण ०.०६४ टक्के असतं. म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ६४ मिलिग्रॅम, आणि तेही चूळ भरून थुंकायचं. ओव्याच्या तेलात थायमॉल साधारण शेकडा ३५ ते ६० भाग असतो. चमचाभर तेलात दोन ग्रॅमच्या आसपास थायमॉल धरला, तर तो तीन लिटर चुळांच्या औषधात पुरेल इतका झाला. जंतू मारायला किती थोडा पुरतो, हे यावरून दिसतं. ‘जास्त घेतलं तर जास्त गुण’ हा हिशेब इथे चालत नाही.

हा पदार्थ माणसाला धोकादायक होऊ शकतो, हे जगाला शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं. थायमॉल पहिल्यांदा वेगळा काढला तो जर्मन रसायनशास्त्रज्ञ कास्पार नॉयमान यांनी १७१९ साली, तिकडच्या थाइम नावाच्या झुडपापासून. पुढे एकोणिसाव्या शतकात ओव्याच्या तेलातही तोच पदार्थ असल्याचं लक्षात आलं. आपला ओवा तर थायमॉलनं भरलेला. मग हिंदुस्थानातून ओवा जहाजांनी जर्मनीला जाऊ लागला आणि तिथल्या कारखान्यांत त्यापासून थायमॉल बनू लागला. १९१४ साली महायुद्ध पेटलं, हा व्यापार तुटला आणि जगभर थायमॉलची टंचाई झाली. तेव्हा ओवा पाठवण्याऐवजी इथेच थायमॉल काढण्याचे प्रयत्न सुरू झाले. पुढे तो रसायनांपासून कृत्रिमरीत्या बनू लागला आणि ओव्याचं हे महत्त्व ओसरलं.

पण एवढा थायमॉल लागत कशाला होता? जखमा धुवायला, आणि मुख्य म्हणजे पोटातल्या अंकुशकृमीवर. हा जंत अनवाणी पायांच्या कातडीतून शरीरात शिरतो, आतड्याला चिकटून रक्त पितो आणि माणसाला पांढराफटक करून टाकतो. आल्प्स पर्वतातला सेंट गॉटहार्ड बोगदा खणणाऱ्या मजुरांत १८८० च्या सुमारास या जंताची मोठी साथ उघड झाली, आणि इटलीतल्या डॉक्टरांनी त्यावर थायमॉल वापरला. १९०९ साली अमेरिकेत रॉकफेलर आयोगानं दक्षिणेकडच्या राज्यांत अंकुशकृमीविरुद्ध मोहीम काढली, तिचंही मुख्य औषध थायमॉलच होतं. आणि त्या औषधाबरोबर डॉक्टरांची एक सक्त ताकीद असे. औषध घेताना तेल, तूप, लोणी आणि दारू वर्ज्य. कारण थायमॉल पाण्यात फारसा विरघळत नाही, त्यामुळे बराचसा आतड्यातच राहतो आणि जंतावर काम करतो. पोटात स्निग्ध पदार्थ किंवा दारू असेल तर तो त्यात विरघळतो, रक्तात शिरतो, आणि मग औषधाऐवजी माणसालाच विष होतो. म्हणून थायमॉलमागोमाग मीठ-रेचक देऊन तो बाहेर काढत.

ही गोष्ट आपल्या कामाची आहे. आपल्याकडे कुठलंही कडू-तिखट औषध द्यायचं म्हटलं की पहिली सूचना येते, ‘तुपातून द्या’. ओव्याच्या चूर्णापुरतं ते चालून गेलं. ओव्याच्या तेलाला ती सूचना लावली तर नेमकं ते घडेल जे शंभर वर्षांपूर्वीचे डॉक्टर टाळत होते. आणि जंतासाठी आज ओव्याच्या तेलाची गरजही उरलेली नाही. शाळा-अंगणवाडीत जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोलची गोळी फुकट मिळते. भातलावणीत चिखलात उभं राहणाऱ्या आपल्या भागात ती गोळी चुकवू नये.

आता अमृतधारेकडे वळू. घरात ओव्याचं तेल नसलं तरी ही बाटली असते. ती बनते कशी, हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल असे तीन पांढरे, कोरडे, स्फटिकासारखे पदार्थ. पुदिन्याचं फूल म्हणजे मेंथॉल आणि ओव्याचं फूल म्हणजे आपला थायमॉलच. तिघे एका काचेच्या बाटलीत घालून बूच लावायचं आणि हलवायचं. पाण्याचा थेंब नाही, जाळ नाही, तरी काही वेळात बाटलीच्या तळाशी ओल दिसू लागते, खडे कडेनं वितळतात, आणि बघता बघता सगळं पातळ होतं. प्रत्येक पदार्थ दुसऱ्याचा वितळण्याचा बिंदू खाली ओढतो. एकटा थायमॉल ५० अंशांच्या आसपास वितळतो, कापूर तर १७५ अंशांच्याही वर. तिघे एकत्र आले की नेहमीच्या हवेतही घट्ट राहू शकत नाहीत.

पंडित ठाकुरदत्त शर्मा यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाहोरमध्ये ‘अमृतधारा’ या नावानं हे औषध बाजारात आणलं आणि ते देशभर पसरलं. ‘लक्ष्मणधारा’ नावाचं तशाच प्रकारचं औषध निघालं तेव्हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९६२ साली निकाल लागला. न्यायालय म्हणालं की दोन नावं फसवी वाटावीत इतकी जवळची आहेत, कारण औषध घेणारा सामान्य माणूस, खेड्यातला किंवा शहरातला, शिकलेला किंवा न शिकलेला, नावाची फोड करून अर्थ तपासत बसत नाही. त्याच्या मनात एकूण ठसा राहतो आणि त्यावर तो वस्तू उचलतो. तो खटला व्यापारचिन्हाचा होता, पण त्यातलं हे निरीक्षण मला औषधाच्या सुरक्षिततेसाठी फार मोलाचं वाटतं. आपण बाटली वाचत नाही, ओळखतो. आणि अंधारात, घाईत, रडणारं मूल कडेवर असताना ओळख चुकते.

अमृतधारेबद्दल दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, हगवण-उलटीत माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पाजून पटकीचे असंख्य रोगी वाचवले. या पाण्याला आपण जलसंजीवनी म्हणतो. हगवण लागल्यावर ओआरएसची पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात कालवून घोट घोट पाजणं हेच पहिलं काम. अमृतधारेच्या थेंबांनी पोटाची कळ थोडी थांबेल, पण गेलेलं पाणी भरून येणार नाही. दुसरी गोष्ट, त्यात कापूर आहे. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला थोड्याच वेळात झटके येऊ शकतात, आणि त्यासाठी फार मोठं प्रमाण लागत नाही. मेंथॉलचा उग्र वास तान्ह्याच्या नाकाजवळ धरला तर त्याचा श्वास अडकू शकतो. म्हणून तान्ह्याच्या नाकाला, ओठाला, छातीला, उशीला यातलं काहीही लावू नये. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या लाटेत कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीच्या तेलाची पुरचुंडी हुंगल्यानं ऑक्सिजन वाढतो, असा संदेश मोबाइलवर फिरला होता. ऑक्सिजन तसा वाढत नाही. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं एवढंच, आणि त्या वाटण्यात दवाखान्यात जायला उशीर होतो.

आता हाताळणीच्या गोष्टी सांगतो. घाईनं सांगायचा हा भाग नाही, म्हणून थोडा वेळ घेतो.

बाटली गडद रंगाच्या काचेची असावी. प्लॅस्टिकच्या बाटलीत हे तेल भरू नये, ते काही प्लॅस्टिक मऊ करतं आणि रबराचं बूच फुगवतं. रिकामी झालेली डोळ्यांच्या थेंबांची बाटली धुऊन त्यात हे भरणं तर कधीच नको, कारण रात्री कुणीतरी ते डोळ्यांत घालणार. बाटली चुलीपासून आणि दिव्यापासून लांब असावी, कारण तेल पेट घेतं. ती मुलांच्या हाती न लागेल अशा उंचीवर, शक्यतो कुलपात असावी. औषध, रॉकेल आणि कीटकनाशक जिथे ठेवता, त्याच काळजीनं हीही ठेवावी.

थंडीत, विशेषतः हतगडच्या बाजूला रात्री पारा उतरतो तेव्हा, बाटलीच्या तळाशी पांढरे, सुईसारखे स्फटिक जमलेले दिसतील. तेल खराब झालं असं समजून लोक ते फेकून देतात, किंवा वरचं पातळ तेवढं वापरतात. ते स्फटिक म्हणजे शुद्ध थायमॉल. वर राहिलेलं तेल सौम्य, तळाचं जहाल, आणि मापाचा कुठे पत्ता नाही. बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात उभी ठेवा, स्फटिक विरघळू द्या, नीट हलवा आणि मगच थेंब मोजा. जाळावर धरू नका.

कातडीला हे तेल कधीही नुसतं लावू नये. ते भाजतं. मोठ्या माणसाच्या दुखऱ्या पाठीला किंवा गुडघ्याला लावायचं असेल तर ५० मिलिलिटर खुरासणीच्या किंवा तिळाच्या तेलात दहा थेंब, त्याहून जास्त नाही. म्हणजे प्रमाण शेकडा एका भागाच्या आत राहतं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस वाट पाहावी. लाल झालं, खाज सुटली, तर तो नाद सोडावा. फुटलेल्या कातडीवर, तोंडात, नाकात, नाजूक जागी नको. लावून झाल्यावर हात साबणानं धुवावेत, नाहीतर तोच हात डोळ्याला लागतो. नुसतं तेल अंगावर सांडलं तर आधी खाण्याच्या तेलाच्या बोळ्यानं पुसावं, मग साबणानं धुवावं. डोळ्यात गेलं तर मात्र तेलबिल काही नाही. पापणी उघडी धरून स्वच्छ पाण्याची बारीक धार पंधरा-वीस मिनिटं सोडावी आणि दवाखाना गाठावा.

वाफारा घेताना पातेल्यात हे तेल टाकायची टूम निघाली आहे. तेल टाकू नका, आणि लहान मुलाला पातेल्यावर वाकवू नका. उकळत्या पाण्याचं पातेलं कलंडून मुलं भाजण्याचा धोका सर्दीच्या त्रासापेक्षा कितीतरी मोठा आहे.

गरोदर बाईनं आणि अंगावर पाजणाऱ्या आईनं जेवणातला ओवा खुशाल खावा. तेल घेऊ नये. दोन वर्षांखालच्या मुलाला तेल नको, पोटात नको आणि अंगालाही नको. इतरांनीही वैद्य किंवा डॉक्टरांनी माप सांगितल्याशिवाय ते पोटात घेऊ नये. पोटासाठी ओवा आहे ना घरात!

आणि सगळी काळजी घेऊनही मुलानं तेल प्यायलं तर? उलटी करवू नका. बोट घालू नका, मिठाचं पाणी पाजू नका. उलटी होताना हे पातळ तेल श्वासनलिकेत उतरतं आणि फुप्फुसाला इजा करतं. रॉकेल प्यायलेल्या मुलाला उलटी करवत नाहीत, ते याच कारणानं. दूध किंवा तूपही पाजू नका, कारण स्निग्ध पदार्थात थायमॉल विरघळतो हे आपण पाहिलंच. तोंड पुसा, मुलाला कुशीवर ठेवा, १०८ ला फोन करा, आणि बाटली बरोबर घेऊन सुरगाण्याचं ग्रामीण रुग्णालय किंवा जवळचं आरोग्य केंद्र गाठा. बाटली महत्त्वाची, कारण पोटात काय गेलं हे डॉक्टरांना तिच्यावरून कळतं. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, डॉक्टरांना तिथून सल्ला मिळू शकतो. मूल हसतं-खेळतं दिसत असलं तरी घरी थांबू नका. पावसाळ्यात नार आणि पार नद्यांना पूर येऊन पाड्यांचे रस्ते तुटतात, हे तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता. जिथे दवाखाना लांब आहे, तिथे अशी बाटली घरात ठेवायची की नाही याचा विचार दुप्पट करायला हवा.

शेवटी बचत गटांच्या भगिनींसाठी. वाफेनं तेल काढायचं छोटं यंत्र घ्यावं का, असं मला विचारलं जातं. जरूर विचार करा, पण आकडे समोर ठेवून. १०० किलो ओव्यातून तेल निघेल दोन ते चार किलो. ओवा ऐन वेळी भरडावा, आधी भरडून ठेवला तर तेल उडतं. भांडी स्टेनलेस स्टीलची हवीत, लोखंडाचा स्पर्श झाला की तेलाचा रंग बिघडतो. तेलाखाली जे पाणी उरतं तो ओव्याचा सौम्य अर्क आहे, तो फेकायचा नसतो. उरलेला चोथाही पेंडीसारखा जनावरांच्या खाद्यात घेतात. औषध म्हणून विकायचं तर परवाना लागतो. आणि १९५४ चा औषधे व जादूटोणासदृश उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरचा कायदा आहे. मधुमेह बरा करतो, कर्करोग बरा करतो असले दावे छापले तर तो गुन्हा होतो, मग माल कितीही शुद्ध असो. लेबलावर वनस्पतीचं नाव, काढल्याची तारीख, ‘पोटात घेऊ नये’, ‘लहान मुलांपासून दूर ठेवा’ आणि पातळ करायचं माप, एवढं मोठ्या मराठी अक्षरांत असलंच पाहिजे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी लाल फुली. जो गट हे प्रामाणिकपणे करील, त्याच्या मालावर शहरातलं गिऱ्हाईकही विश्वास ठेवील.

मित्रहो, तेल वाईट आणि बी चांगलं, असं मी म्हटलेलं नाही. थायमॉलनं शंभर वर्षांपूर्वी लाखो माणसांच्या पोटातले जंत पाडले, जुन्या कागदपत्रांची बुरशी रोखायला अभिलेखागारांनी त्याची धुरी दिली, आजही मधपाळ पोळ्यातल्या माश्यांवरचे परजीवी मारायला तो वापरतात. ताकदीची वस्तू आहे आणि ताकदीच्या वस्तूला माप लागतं. चिमटीचं माप आपल्या आधीच्या बायकांनी शेकडो वर्षांत, चुकत-शिकत ठरवलं. थेंबाचं माप ठरवायला आपल्याला तेवढी वर्षं थांबता येणार नाही, कारण बाटली घरात येऊन बसली आहे आणि मूल रांगतं आहे.

म्हणून तीन कामं करा. ज्यांच्या घरी अशी बाटली आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर तिच्यावर चिठ्ठी चिकटवावी: आत काय आहे आणि कुणाला द्यायचं नाही. आशाताईंनी बाळंतिणीच्या भेटीत धुरी आणि तेल या दोन गोष्टी विचाराव्यात. आणि शिक्षकांनी कागदावरच्या दोन थेंबांचा प्रयोग या वर्षी एका तरी वर्गात करून दाखवावा. मुलं घरी जाऊन तो सांगतील, आणि गुरुजींची पद्धत चालू राहील.

आता प्रश्न विचारा. भगिनींनी आधी विचारावेत, कारण बरणी आणि बाटली दोन्ही त्यांच्याच हाताखाली आहेत.